सही करण्याआधी : बडोद्याच्या कारखान्यात नव्याने अधिकारी झालेल्यांसाठी

मकरपुरा, पोर, वाघोडिया, नंदेसरी, सावली, हालोल : बडोद्याभोवतीचे हे कारखान्यांचे पट्टे. बडोद्याच्या मराठी घरांतली पोरं शिकली की बहुतेकदा यांपैकी कुठल्यातरी रस्त्याला लागतात. डिप्लोमा किंवा बी.ई. होतं, दोन-चार वर्षं शिफ्टमध्ये जातात आणि एक दिवस एचआरचं पत्र हातात पडतं : असिस्टंट मॅनेजर, पर्चेस ऑफिसर, शिफ्ट इन्चार्ज. पगार थोडा वाढतो, घरी पेढे येतात. यातला सर्वांत मोठा बदल त्या पत्रात एका ओळीत उरकलेला असतो. आजपासून काही कागदांवर तुमची सही चालणार.

व्यवसायातली नीतिमत्ता, मूल्यं, नेतृत्व हे विषय एमबीएच्या वर्गात शिकवतात आणि रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून टांगतात. नव्या अधिकाऱ्याची गाठ त्यांच्याशी पडते ती संध्याकाळी सव्वासहाला. कंपनीची बस सुटायला दहा मिनिटं असतात आणि कुणीतरी रजिस्टर पुढे सरकवून म्हणतं, "साहेब, अहीं सही करी आपो ने, रोजनुं ज छे." एवढ्या दहा मिनिटांत कुणाला धैर्य सुचत नाही. जे अशा वेळी टिकतात त्यांनी आधीच काही तजवीज करून ठेवलेली असते. ती कशी करायची ते पायरीपायरीने सांगतो. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काहींवर जरा दम खावा लागेल.

पायरी १ : आपली सही कुठं कुठं लागते ते लिहून काढा

पहिल्याच आठवड्यात अकाउंट्स किंवा एचआरकडून अधिकारांचा तक्ता मागून घ्या. कुणी किती रुपयांपर्यंत मंजुरी द्यायची, कशावर कुणाची सही, हे मोठ्या कंपन्यांत लिहिलेलं असतं. छोट्या युनिटमध्ये ते शेठच्या डोक्यात असतं. तसं असेल तर शेठना तोंडी विचारा आणि लगेच एक चार ओळींचा मेल टाका : "आपल्या सांगण्याप्रमाणे माझ्या सहीची मर्यादा अशी समजतो." उत्तर आलं नाही तरी तो मेल पुढे कामाला येतो.

मग वहीत यादी करा. माल आल्याची जीआरएन (नोंदपावती), गेटपास, वजनकाट्याची पावती, ठेकेदाराच्या माणसांचं मस्टर, गेज आणि मीटरच्या कॅलिब्रेशनचे दाखले, ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचं) लॉगबुक, सेफ्टी ट्रेनिंगचं रजिस्टर. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहायच्या. या सहीने मी नेमकं काय खरं आहे म्हणतोय? आणि ते मी स्वतः पाहिलंय, की कुणाच्या भरवशावर म्हणतोय? दुसऱ्याचा भरवसा असणं चूक नाही, सगळं स्वतः पाहायला गेलात तर मशीन कोण चालवणार? पण तो कुणावर आहे ते माहीत हवं.

सेफ्टी ट्रेनिंगचं रजिस्टर एकदा नीट उघडून बघा. दर महिन्याची तारीख, खाली पंधरा-वीस नावं, आणि वर्षभरातल्या सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच दाबाच्या. मार्चमधला आणि नोव्हेंबरमधला 'र' हुबेहूब सारखा. त्यात एखादी सही अशा माणसाची निघते जो त्या आठवड्यात गावी गेलेला होता. मस्टरमध्ये त्याची रजा लागलेली असते. ही वही ऑडिटच्या आदल्या रात्री बसून भरलेली आहे हे कळायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. आणि उद्या प्रेसमध्ये कुणाचा हात सापडला, तर पहिल्यांदा तीच वही मागवली जाईल.

अशी वही पुढ्यात आली तर मागची पानं 'दुरुस्त' करायला बसू नका. जुन्या कामावर आज केलेली सही म्हणजे खोट्यात आपली एक भर. आजच्या तारखेला नवं पान सुरू करा, खरंच वीस मिनिटं ट्रेनिंग घ्या, हजर असलेल्यांच्याच सह्या घ्या, आणि वरिष्ठांना कळवा की अमुक तारखेपासूनच्या नोंदींची जबाबदारी माझी.

तारखेबद्दल एक नियम कायमचा पाळा. काम ३ तारखेला झालं आणि कागद ९ तारखेला आला, तर सहीखाली ९ च लिहायची आणि शेजारी "काम ३ रोजी झाले, कागद आज मिळाला" अशी टीप. ऑडिटरला उशिराचा कागद चालतो. त्याचा खुलासा देता येतो. मागची तारीख टाकलेला कागद एकदा उघडा पडला की तुमचे उरलेले सगळे कागदही संशयात जातात.

पायरी २ : चार आकडे पाठ करा

नीतिमत्तेवर वाद घालायला गेलं की समोरचा म्हणतो, "तमे बहु सिद्धांतवादी." आकड्यावर वाद घालता येत नाही. म्हणून कायद्याचे चार आकडे तोंडपाठ असू द्यात.

पहिला, ४५ दिवस. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा काम घेतलं, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरून आयकर वाचवता येत नाही, ही तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. मकरपुऱ्यात दोन लेथ आणि एक मिलिंग घेऊन बसलेल्या माणसाचा सगळा धंदा या ४५ दिवसांवर उभा असतो. त्याला शनिवारी कारागिरांचा पगार करायचा असतो आणि आपल्या अकाउंट्समधून उत्तर जातं, "चेक निकल गया है."

इथं एक चलाखी ठरलेली असते. पैसे लांबवायचे असले की स्टोअरला सांगतात, जीआरएन आत्ता काढू नका, माल 'इन्स्पेक्शनमध्ये' ठेवा. गेटवर माल महिनाभर पडून राहतो आणि दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, असा समज. तो चुकीचा आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं कायदा धरतो. हे पर्चेस हेडला शांतपणे सांगा. बहुतेकांना खरोखर माहीत नसतं, आणि सीएचं नाव घेतलं की ऐकतात.

दुसरा, ७ दिवस. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी माणसाला लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे, आणि एजंट किंवा कन्सल्टंटमार्फत दिली म्हणून सुटका नाही. अडवून, भाग पाडून घेतली असेल तर ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. गुजरातेत लाचलुचपत विरोधी ब्युरोचा फोन १०६४. कन्सल्टंटच्या बिलात 'लायझन चार्जेस' किंवा 'मिसलेनियस' अशी गोल ओळ दिसली आणि ते बिल तुमच्या सहीला आलं, तर तपशील मागा. तपशील देता येत नसेल तर सहीही देता येत नाही, एवढं साधं.

तिसरा, १० माणसं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तुमच्या हाताखालच्या मुलीने काही सांगितलं, तर दोघांना केबिनमध्ये बोलावून चहावर मिटवायला जाऊ नका. "आपण सगळे घरचेच" हे वाक्य अशा वेळी फार धोक्याचं. तिला समितीचा रस्ता दाखवायचा, तिची शिफ्ट किंवा काम तिच्या इच्छेविरुद्ध बदलायचं नाही, आणि कँटीनमध्ये तोंड बंद ठेवायचं.

चौथा आकडा सोपा आहे : ओव्हरटाइमला दुप्पट. सिंगल रेटने ओटी आणि वर "वडापाव कंपनीकडून" हा हिशेब कायद्यात बसत नाही.

पायरी ३ : भेटी, पास आणि वर्गणी

लाच म्हणून कुणी पाकीट आणत नाही. बडोद्यात नवरात्रीच्या आधी गरब्याचे पास येतात. मोठ्या मैदानाचा सीझन पास, तोही पुढच्या रांगेचा, आणि देणारा म्हणतो, "भाभी माटे." दिवाळीत सुक्या मेव्याचा डबा, वर डायरी. कधी दमणहून आणलेली बाटली, आणि ती घेणाऱ्याला हे आठवतही नाही की गुजरातेत परवान्याशिवाय ती जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.

कंपनीचं भेटवस्तूंचं धोरण असेल तर त्यातली रक्कम बघून ठेवा. नसेल तर स्वतःचा नियम करा आणि वर्षभर एकच ठेवा : खाण्याचं आलं तर स्टोअरच्या टेबलावर उघडायचं, सगळ्यांनी खायचं, बाकीचं परत. घरी काही न्यायचं नाही आणि घरी काही पोचवू द्यायचं नाही. परत करताना भाषण देऊ नका. "आमच्याकडे नोंद करावी लागते, तुमचंच नाव वहीत येईल" एवढं म्हटलं की देणारा स्वतःच डबा उचलतो.

आता आपल्या मराठी लोकांची खास अडचण. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली गणेश मंडळं. तुम्ही खजिनदार नाहीतर स्मरणिकेचे जाहिरातप्रमुख असता, आणि तुमच्या मोबाईलमध्ये पन्नास व्हेंडरांचे नंबर असतात. अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी फोन केला तर एकही नाही म्हणणार नाही. पैसे देवाच्या कामाला जातात, तुमच्या खिशात दमडी येत नाही, मग बिघडलं कुठं? बिघडलं ते ऑक्टोबरमध्ये, त्याच व्हेंडरचा लॉट रिजेक्ट करायची वेळ येते तेव्हा. तो तोंडाने काही बोलणार नाही, तुम्हालाच आठवेल. माझं मत सरळ आहे : पर्चेस, स्टोअर किंवा क्वालिटीत असाल तर व्हेंडरकडे पावतीपुस्तक न्यायचं नाही. मंडळाचं दुसरं काम घ्या, आरास करा, प्रसाद वाटा, ढोल वाजवा.

मेव्हण्याचं वर्कशॉप असेल आणि त्याचं कोटेशन आलं असेल तर लपवू नका, आणि ते फेटाळायचीही गरज नाही. वरिष्ठांना आधी लिहून कळवा, "हे माझे नातेवाईक आहेत, तुलना आणि निर्णय दुसऱ्याने करावा." त्याचा दर खरंच चांगला असेल तर त्याला काम मिळेलच, आणि तुम्हाला जेवताना मान खाली घालावी लागणार नाही.

पायरी ४ : काटा

या पायरीवर थांबा. कारखान्यात चोरी होते ती बहुतेकदा कपाटातून होत नाही, वजनातून होते.

भंगार विकण्याचं उदाहरण घ्या. टर्निंग स्क्रॅप (लेथवरचा लोखंडी चुरा) नेणाऱ्याचा ट्रक आधी रिकामा काट्यावर चढतो. केबिनमध्ये ड्रायव्हर, क्लीनर आणि दोन हमाल बसलेले. पाण्याचा पिंप भरलेला. ताडपत्री, लाकडी ठोकळे, जादाचं एक चाक. पावती निघते. मग माल भरेपर्यंत हमाल उतरतात, पिंप ओतलं जातं, ठोकळे कोपऱ्यात जातात, आणि भरलेला ट्रक पुन्हा काट्यावर येतो. रिकाम्याचं वजन फुगलेलं, भरलेल्याचं खरं, म्हणजे मालाचं निव्वळ वजन कमी. एका खेपेला तीन-चारशे किलो सहज. काट्यात कुणी खोड केलेली नसते, पावत्या दोन्ही खऱ्या असतात, आणि खाली सही तुमची असते.

उपाय महागडे नाहीत. दोन्ही वेळेला केबिन रिकामी, ड्रायव्हर खाली उभा. ट्रकच्या मागचा आणि केबिनचा मोबाईलवर फोटो, ज्यात काट्याचा आकडा दिसेल. त्याच नंबरच्या गाडीचं मागच्या खेपेचं रिकामं वजन रजिस्टरमधून काढून शेजारी लिहायचं. दोनशे किलोंचा फरक दिसला तर विचारायचं. महिन्यातून एखाद्या खेपेला, आधी न सांगता, गाडी बाहेरच्या काट्यावर न्यायची. पावसाळ्यात कोळसा घेत असाल तर उलटा खेळ असतो, तिथं पाणी विकत घेतलं जातं. आर्द्रतेची चाचणी झाल्याशिवाय वजनाच्या पावतीवर सही करू नका.

एवढं करूनही सगळं एकाच माणसाच्या हातात असेल तर उपयोग नाही. मागणी काढणारा, भाव ठरवणारा, माल मोजून घेणारा आणि बिल पास करणारा, हे चार वेगळे हात हवेत. बडोद्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. सयाजीराव महाराजांनी आपल्या संस्थानात न्यायाचं काम आणि अंमलबजावणीचं काम वेगळं केलं, ते ब्रिटिश मुलखात होण्याच्या कितीतरी आधी. जो वसुली करतो त्यानेच तक्रार ऐकायची नाही, एवढाच त्यातला हिशेब. तुमच्या स्टोअरमध्ये तीनच माणसं असतील तर चार हात कुठून आणणार? तेव्हा सही तरी फिरवा : या महिन्यात काट्यावर हा, पुढच्या महिन्यात तो.

पायरी ५ : नाही म्हणायचं कसं

नकाराची वाक्यं आधी तयार ठेवावी लागतात. ऐनवेळी सुचतात ती एकतर पडती असतात नाहीतर भांडणाची.

ठेकेदाराला : "मोजून झालं की लगेच करतो. चला, आत्ताच जाऊ." यात नकार नाही, पण न मोजता सहीही नाही. खऱ्या कामाचा ठेकेदार सोबत येतो. दुसऱ्याला अचानक दुसरीकडे काम निघतं.

बरोबरीच्या सहकाऱ्याला : "यावर मी सही केली तर पुढच्या ऑडिटला आपण दोघं एकाच बाकावर बसू."

वरिष्ठांना सांगताना मात्र जपून. "हे चुकीचं आहे" असं सगळ्यांसमोर म्हणू नका. केबिनमध्ये जा आणि अडचण त्यांची म्हणून मांडा : "सर, टेस्ट रिपोर्ट आला नसताना माल पाठवला आणि ग्राहकाच्या लाइनवर तो फेल झाला, तर पूर्ण लॉटचा क्लेम आपल्यावर येईल. रात्रीत टेस्ट करून सकाळी सातला गाडी काढली तर चालेल का? मी थांबतो." पर्याय घेऊन गेलात तर वरिष्ठ बहुतेक वेळा ऐकतात. त्यांना वाईट काम करायचं नसतं, त्यांना आज डिस्पॅचचा आकडा हवा असतो. तरीही ते "करी नाखो ने" (करून टाका ना) म्हणाले, तर जागेवर परत येऊन दोन ओळींचा मेल : "आपल्याशी बोलल्याप्रमाणे टेस्ट रिपोर्टविना डिस्पॅच करण्याबाबत माझी हरकत आहे, आपली लेखी सूचना मिळावी." बरेचदा ती सूचना येत नाही आणि गाडीही थांबते. राग येईल, हे धरून चाला.

महिनाअखेरचा आकडा हा सगळ्यांत निसरडा भाग. ३१ मार्चला माल गेटवर उभा, पण बिल फाडून विक्री दाखवायची. एप्रिलमध्ये परत घ्यायचा. "फक्त या वेळेला." सत्यम कॉम्प्युटर्सचे रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ ला संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली तेव्हा ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,००० कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती. सुरुवात किरकोळ फरकाने झाली आणि तो वर्षानुवर्षं वाढत गेला, असं त्यांनीच त्यात म्हटलं होतं. वाघावर बसलोय, खाली उतरलो तर खाईल, अशा अर्थाचं वाक्यही त्या पत्रात होतं. एप्रिल २०१५ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. मार्चमध्ये उसनी आणलेली विक्री एप्रिलच्या आकड्यातून वजा होते, म्हणजे पुढच्या महिन्यात त्याहून जास्त उसनी आणावी लागते. हे गणित कॉमर्सच्या पोरालाही येतं.

उलटं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १९०८ मध्ये बडोद्यात निघालेली बँक ऑफ बडोदा अजून पोरसवदा होती, तेव्हा १९१३ ते १९१७ या काळात देशात ८७ बँका बुडाल्या. ही तगली. सचोटीचा आणि जपून केलेला कारभार, असं त्याचं कारण बँकेच्या इतिहासात दिलं जातं. त्या काळात जपून कारभार म्हणजे लोकांना नाराज करणं, कर्ज नाकारणं, शेजारच्या बँकेपेक्षा मागे दिसणं. त्यासाठी टाळ्या मिळत नसतात.

पायरी ६ : वाईट बातमी तुमच्यापर्यंत येऊ द्या

आतापर्यंतचं सगळं तुमच्या एकट्याच्या वागण्याबद्दल झालं. नेतृत्व सुरू होतं ते तुमच्या पाठीमागे काय चालतं तिथून.

सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. अस्पृश्यता मोडावी म्हणून खटपट केली. १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावलं. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. सयाजीबागेतली संकल्पभूमी त्याच दिवसांची आठवण आहे. राजाचं धोरण अगदी बरोबर होतं, आणि राजा व शिपाई यांच्यामध्ये जेवढे अधिकारी होते त्यांच्यापैकी कुणालाही ते आपलं काम वाटलं नाही. तुम्ही आज नेमके त्या मधल्या खुर्चीत बसला आहात.

म्हणून खालची खबर घ्या. ठेकेदाराच्या माणसांचा पगार बँकेत पूर्ण जमा होतो, स्टेटमेंट चोख असतं. दोन दिवसांनी गेटबाहेर चहाच्या लारीपाशी ठेकेदाराचा माणूस बसतो आणि एकेकाकडून ठरलेली रक्कम रोख परत घेतो. काही ठिकाणी एटीएम कार्डंच त्याच्याकडे गठ्ठ्याने असतात. कागद बघून हे कधीच कळणार नाही. दाहोद-झाबुआकडून आलेल्या पोराला, मुकादम जवळ नसताना, सहज विचारा, "कार्ड किसके पास रहता है?" तो उत्तर देणार नाही, इकडेतिकडे बघेल, आणि ते पुरेसं आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती भरायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे एचआरला आठवून द्या. उत्तर देणाऱ्या पोराचं नाव मात्र कुठंही येऊ देऊ नका, नाहीतर उद्या तो कामावर नसेल.

ईटीपीच्या लॉगबुकात महिनाभर रात्रंदिवस पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) ७.२ दिसत असेल, तर समजा कुणी मीटर बघतच नाही. सांडपाण्याचा आकडा इतका शिस्तीचा नसतो. बडोद्याच्या रासायनिक कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी पन्नासहून अधिक किलोमीटरच्या कालव्यातून खंभातच्या आखाताकडे जातं. वाटेत शेतं आहेत, विहिरी आहेत, माणसं आहेत. रात्रपाळीचा ऑपरेटर ७.२ लिहितो कारण ५.४ लिहिलं त्या दिवशी त्याला शिव्या बसल्या होत्या. तेव्हा एखाद्या रात्री तो फोन करून म्हणाला, "साहेब, आकडा बिघडलाय", तर तुमच्या तोंडून पहिला प्रश्न "कुणी केलं?" हा निघता कामा नये. "आत्ता पाणी कुठं चाललंय? व्हॉल्व्ह बंद केलास का?" हे आधी. मग, "बरं केलंस फोन केलास." चौकशी सकाळी, चहा पिऊन. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्याच्या नावानिशी सांगा की याने वेळेत कळवलं. पुढच्या वेळी दुसऱ्या शिफ्टमधलाही फोन करेल.

आणखी एक, छोटंसं. स्वतः उशिरा येऊन दुसऱ्याचा पंच कापू नका. हाताखालचे लोक तुमचं भाषण ऐकत नाहीत, तुमची गाडी किती वाजता आत येते ते बघतात.

पायरी ७ : तरीही जमलं नाही तर

क्रमाने जा. आधी थेट वरिष्ठ, मग त्यांचे वरिष्ठ, मग इंटर्नल ऑडिट. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत तक्रारीची स्वतंत्र व्यवस्था ठेवणं २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनकारक आहे, आणि गरज पडल्यास ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. त्याचा ईमेल वेबसाइटवर असतो. तक्रारीत "सगळेच खातात" असं लिहू नका. तारीख, गाडी नंबर, पावती क्रमांक, रक्कम लिहा. कंपनीचे कागद पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका, त्याने तुम्हीच अडकाल. कुठला कागद कुठल्या फाइलमध्ये आहे एवढं लिहून ठेवलं तरी चालतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक शब्दही नको.

घराचा हप्ता चालू असताना राजीनामा तोंडावर फेकणं सिनेमात बरं दिसतं. चार-सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला असलेला माणूस नकार जास्त शांतपणे देऊ शकतो, म्हणून बढतीचा पहिला वाढीव पगार मोबाईलच्या हप्त्यात घालवू नका. निघायचं ठरलं तर आधी दुसरी नोकरी बघा, मग पत्र द्या. शेवटच्या दिवशी सिस्टिममधला तुमचा लॉगिन बंद झाल्याचा आणि बँकेतून सहीचा नमुना काढल्याचा मेल घ्या. नाहीतर तुम्ही हालोलला नव्या नोकरीत असता आणि जुन्या कंपनीत तुमच्या लॉगिनवरून बिलं पास होत राहतात.

नव्या ठिकाणी मुलाखतीत जुन्या शेठची निंदा नको. बडोद्याच्या उद्योगात सगळे एकमेकांना ओळखतात, संध्याकाळपर्यंत ती पोचते. "कामाची पद्धत जुळली नाही" पुरे. उलट तुम्हीच दोन-तीन प्रश्न विचारा. लघु उद्योगांची बिलं किती दिवसांत निघतात? भंगाराची गाडी भरताना काट्यावर कोण उभं असतं? क्वालिटीने शेवटचा लॉट कधी अडवला होता? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसून एखादा किस्सा सांगू लागला, तर ऑफर लेटर घ्यायला हरकत नाही. "आमच्याकडे कधीच अडत नाही" असं उत्तर आलं, तर घरी जाऊन विचार करतो म्हणून सांगा.